‘महिन्याला एक बंदूक’ रद्द झाली, म्हणजे नेमकं काय रद्द झालं?

“अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बंदूक खरेदीवरची सगळी बंधनं उठवली. आता कुणीही, कितीही, कधीही घ्या. व्हिसावर असलात तरी चालतं, तिकडच्या आपल्या मुलांनी आजच घ्यावी. कलम २१ खाली हाच हक्क आपल्यालाही आहे.”

हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला होता. पण खाली एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, अमेरिकेत असलेल्या पुतण्याने “खरंच का काका?” असं विचारलं, आणि दोघातिघांनी मेसेजखाली अंगठ्याचं चिन्ह टाकून दुजोरा दिला. आता मुद्द्यामुद्द्याने बोलणं भाग आहे.

“सुप्रीम कोर्टाने.” नाही. निकाल नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाचा आहे (सुप्रीम कोर्टाच्या एक पायरी खालचं, काही राज्यांपुरतं केंद्रीय न्यायालय), २० जून २०२५ चा, ‘नुयेन विरुद्ध बाँटा’. कॅलिफोर्नियाचा नियम होता, ३० दिवसांत दुकानातून एकच बंदूक. २००० पासून तो हँडगनना लागू होता, मग काही रायफलींना लागला, आणि २०२४ पासून सगळ्याच बंदुकांना. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो घटनाबाह्य ठरवला.

इथे मेसेजवाल्याला अर्धा गुण द्यावा लागतो. निकाल खरा आहे आणि त्यातला युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या अमेरिकी घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत ‘शस्त्रं’ हा शब्द अनेकवचनी आहे, हा पहिला मुद्दा. दुसरा असा की मूलभूत हक्क रेशनसारखा महिन्याच्या हप्त्याने देता येत नाही; महिन्याला एकच मोर्चा काढा किंवा एकदाच प्रार्थनेला जा, असं सरकार सांगू शकेल का? शिवाय अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ‘ब्रूएन’ निकालापासून कसोटीच बदलली आहे. कायदा उपयोगी आहे की नाही हे कोर्ट विचारत नाही. अशा नियमनाची जुनी परंपरा होती, हे सरकारने दाखवायचं असतं. कॅलिफोर्नियाने बंदुकीची दारू साठवण्यावरचे जुने कायदे पुढे केले, पण ते आगीच्या भीतीने केलेले होते. बंदुका किती आणि कधी घ्याव्यात याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. एवढं मान्य.

“सगळी बंधनं.” हे मात्र धादांत खोटं. त्याच पीठातले न्यायमूर्ती ओवेन्स यांनी निकालाला सहमती देताना वेगळी टिप्पणी जोडली आहे: हा निकाल फक्त ‘महिन्याला एक’ या कायद्यापुरता आहे, घाऊक खरेदी आणि दुसऱ्याच्या नावाने होणारी खरेदी रोखण्याच्या इतर उपायांबद्दल तो काही म्हणत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने निकालाचं शेवटचं पान उघडलं असतं तरी पुरलं असतं. कॅलिफोर्नियाने तर २०२५ मध्येच नवा कायदा करून मर्यादा ३० दिवसांत तीनवर नेली.

आणि काउंटरवर काय बदललं? जवळपास काहीच नाही. वय २१ पूर्ण हवं. आधी ३० प्रश्नांची सेफ्टी परीक्षा, त्यात किमान २३ बरोबर, फी २५ डॉलर. दुकानदारासमोर बंदूक सुरक्षितपणे हाताळून दाखवायची. केंद्राचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, राज्याच्या नोंदणीचे ३७ डॉलर १९ सेंट भरायचे. मग दहा दिवस थांबायचं, म्हणजे नोंद झाल्या मिनिटापासून मोजून २४० तास. ३० दिवसांत बंदूक नेली नाही तर व्यवहार रद्द, सगळं पहिल्यापासून. पाच कामकाजाच्या दिवसांत एकाच माणसाने दोन हँडगन घेतल्या तर दुकानदाराला एटीएफकडे (बंदुकांवर देखरेख करणारं केंद्रीय खातं) वेगळा अहवाल पाठवावा लागतो. जुलै २०२४ पासून राज्याचा ११ टक्के करही आहे.

“अमेरिकेत कुठेही” असं मेसेजच्या एका आवृत्तीत आहे. नवव्या सर्किटखाली नऊ राज्यं येतात. मेरीलँड, व्हर्जिनिया, न्यू जर्सी त्यात नाहीत, म्हणून हा निकाल तिथे बंधनकारक नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते वाक्य: “व्हिसावर असलात तरी चालतं.” निकाल किती वेळा घ्यावी याचा आहे, कोणी घ्यावी याचा नाही. एच-१बी, एच-४ (त्यांचे जोडीदार आणि मुलं), एफ-१ (विद्यार्थी) हे सगळे केंद्रीय कायद्याच्या भाषेत नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरते आलेले. त्यांना बंदूक विकत घेणं सोडा, जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि काडतुसंही त्यातच आली. शिक्षा १५ वर्षांपर्यंत. ग्रीन कार्डवाल्याची गोष्ट वेगळी, तो घेऊ शकतो.

४४७३ मध्ये हा प्रश्न सरळ विचारलेला असतो: तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर आला आहात का? ‘हो’ लिहिलं आणि अपवादात बसत नसलात, तर विक्री तिथेच थांबते. ‘नाही’ लिहिलं तर खोटी माहिती दिल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत, शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात की हद्दपारीचं कारण तयार.

नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना. कॅलिफोर्नियात तो पहिल्यांदा काढायला शिकारीचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. कपाटातली बंदूक त्या दिवसापासून बेकायदा. याच कारणाने मित्रांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणंही अडचणीत आणू शकतं, आणि फोटो तर आपणच टाकतो.

“मग ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावर घेऊ” ही तर त्याहून मोठी खोड. दुसऱ्यासाठी अशी खरेदी करणं २०२२ पासून स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे, १५ वर्षांपर्यंत, आणि त्यात मित्रही अडकतो. घरात बायको नागरिक असेल आणि तिची बंदूक असेल, तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा नवऱ्याकडे नको. हात न लावताही ताबा मानला जाऊ शकतो.

“कलम २१”, म्हणजे भारतीय घटनेतला जीविताचा हक्क. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं आहे की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क इथे नाही. इथे १९५९ चा शस्त्र कायदा आणि परवाना. डिसेंबर २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका. तिसरी असणाऱ्याला ती वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती.