वर्गात मागे कोण बसतं?

टीईटीवरून, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेवरून, आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून जुंपलेलीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला की, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. शिक्षक रस्त्यावर उतरले. त्यावर आमचा एक बिल्डर मित्र लिहितो, "मास्तर होतो कोण? ज्याला दुसरं काही जमत नाही तो. द्या की परीक्षा!" खाली अंगठ्यांची रांग. इथे जर्मनीत, स्टुटगार्टात रात्री ते वाचून माझं डोकं फिरलं.

माझे वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. त्यांना मामांनी सांगितलं, डी.एड. कर, नोकरी पक्की, म्हणून झाले. 'व्रत' वगैरे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पगार लांबला की मात्र बरंच काही ऐकलं. इथे आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी प्राथमिक शाळेत रेफरेंडारिआट, म्हणजे शिक्षकी उमेदवारी, करतेय. तिला विचारलं, शिक्षिकाच का? म्हणाली, सरकारी नोकरी, पेन्शन, शिवाय एस्लिंगेनला आईवडिलांजवळ राहता येईल. म्हणजे वडिलांचे मामा जर्मनीतही आहेतच! नोकरी हवी असते म्हणून माणसं शिक्षक होतात. बिल्डर तरी कुठे वास्तुदेवतेने स्वप्नात येऊन सांगितलं म्हणून झाला?

फरक पडतो तो त्यानंतर. या मुलीच्या उमेदवारीच्या दीड वर्षात सेमिनारच्या, म्हणजे प्रशिक्षण संस्थेच्या, बाई अधूनमधून वर्गात येऊन मागे बसतात. ४५ मिनिटांच्या त्या तासासाठी ही आदल्या रात्री मिनिटामिनिटाचा आराखडा लिहिते, दशकांच्या पट्ट्या कापत बसते. एकदा जिन्यात रडत होती. बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही प्रश्न विचारता आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकता." आता ती प्रश्न विचारला की खिशातल्या खिशात तीन बोटं मोजते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं: शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात, तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी पोरंही बोलू लागतात. स्वतःची ही घाई स्वतःला दिसत नाही. मागे बसून कुणीतरी पाहावी लागते.

आपल्याकडे शिक्षणसेवकाची तीन वर्षं असतात, इथल्या दुप्पट. प्राथमिकचं मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० झालं, ठीक. पण त्या तीन वर्षांत कोण येऊन मागे बसतं? केंद्रप्रमुख येतात ते पोषण आहाराची नोंदवही आणि यूडायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची, माहिती बघायला. त्यांच्या गळ्यात एवढ्या शाळा, ते तरी काय करणार! आणि टीईटी म्हणजे १५० प्रश्न, चार-चार पर्याय, अडीच तास, खुल्या प्रवर्गाला पास व्हायला ९० गुण. मूल फळ्यापाशी गप्प उभं राहिलं की हा माणूस काय करतो, ते कुठल्या पर्यायात कळणार? शिवाय पैसे घेऊन नापासांना पास केल्याचं प्रकरण पुणे पोलिसांनी २०२१ मध्ये उघड केलं, ते याच परीक्षेचं.

वडिलांना फोनवर विचारलं, तुम्हाला शिकवायला शिकवलं कुणी? "डी.एड.ने नाही," म्हणाले. पहिल्या शाळेत दोन खोल्या, मधली भिंत छातीइतकी. पलीकडच्या थोरल्या गुरुजींना यांचं सगळं ऐकू जायचं. शाळा सुटल्यावर चहा घेता घेता ते म्हणायचे, "आज भागाकार फार घाईत उरकलास रे."

आता ग्रुपवर कुणीतरी पिसा, ती शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी, काढेल. काढा. २०२२ च्या पिसात जर्मनीचे आकडे तोवरचे सर्वांत वाईट आले, गणितात ४७५. शिक्षक नाहीत म्हणून माझ्या मुलीचे तास बुडतात, तेही आहेच. माझा मुद्दा तो नाही.

मुलीवरून आठवलं. चौथीत तिच्या बाईंनी कोम्पास ४ या चौथीच्या चाचणीचा कागद पुढे सरकवला आणि हसून सांगितलं, रेआलशूल, म्हणजे मधल्या पातळीची शाळा. मी मान डोलावली. परतताना ट्राममध्ये बसल्यावर बायकोला म्हणालो, आपल्या गुरुजींनी नऊ वर्षांच्या पोरीचा असा निकाल लावला नसता. ती म्हणाली, "लावायचे की. 'म्हशी राख' म्हणून, रोज."

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, बायकोचं शेवटचं वाक्य सोडून. उत्तर आलं, "तिकडे बसून बोलायला काय जातं?" लागलं ते. त्याची मुलं सीबीएसईला, माझी मुलगी इथे. ज्या शाळेवरून भांडतोय तिथे आमच्यापैकी कुणाचंच मूल नाही. मग मी हेडमास्तरांना फोन लावला, वर्गणी काढतो, प्रोजेक्टर घ्या म्हणालो. ते म्हणाले, "प्रोजेक्टर आहे साहेब. दुसरे गुरुजी मतदारयाद्यांच्या कामाला गेलेत, ते लवकर परत मिळाले तर बघा." मी तसं ग्रुपवर टाकलं. बिल्डर मित्राने लगेच लिहिलं, "आमदारांशी बोलतो." बोलेलही तो. मी फार तर पैसे पाठवू शकतो, आणि नेमके तेच त्यांना नको होते.