सवलत कायम, तिकीट मात्र महाग

प्रत्येक भाडेवाढीला सवलती कायम असल्याचा तोच दिलासा ऐकून आता वीट आला आहे. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तेव्हा दिव्यांगांची 75 टक्के सवलत कागदावर तशीच राहिली. परंतु सवलतच टक्क्यांत असल्यामुळे मूळ भाड्याबरोबर त्यांच्या वाट्याचा पाव हिस्साही वाढला, हे सांगण्याची तसदी कोण घेणार? रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर कामाला जाणाऱ्या धडधाकट, तरुण हमालाला तर केवळ गरीब म्हणून कोणतीच सवलत नाही. आणि कुबड्या सावरत चढायच्या त्या उंच पायऱ्या भाडे वाढले म्हणून तसूभरही खाली आलेल्या नाहीत. रिक्षा करा, असे सुचवणाऱ्यांनी तिचे भाडेही एकदा विचारून पाहावे.