२१ गिअर घाला चुलीत

"किती गिअरची आहे?"

सायकल दिसली की पहिला प्रश्न हाच. लिफ्टमध्ये हाच, पार्किंगमध्ये हाच, टपरीवर चहा पिताना हाच. ब्रेक नीट लागतात का, फ्रेम तुमच्या उंचीची आहे का, चढावर गुडघे बोंबलतात का, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. आकडा सांगा. २१ म्हटलं की माना डोलतात. माझ्या सायकलला ९ आहेत म्हटलं की चेहऱ्यावर सरळ कीव दिसते. "अरेरे, नऊच?" हो काका, नऊच. आणि तुमच्या २१ पेक्षा चढाला जास्त कामाचे.

ही २१ ची भानगड एकदा जमिनीवर बसून, दाते मोजून बघा. दहा-पंधरा हजारांच्या बहुतेक एमटीबींना, म्हणजे जाड टायरच्या माउंटन बाइकना, पुढे पॅडलपाशी तीन चकत्या असतात, ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या. मागे चाकापाशी सात, १४ पासून २८ दात्यांपर्यंत. तीन गुणिले सात, एकवीस. झाली जाहिरात! आता भागाकार करा. पुढे ४२ आणि मागे २८ लावलं तर पॅडलच्या एका फेरीत चाक दीड वेळा फिरतं. पुढे २४ आणि मागे १६ लावलं तर? दीडच वेळा! अगदी तोच गिअर, फक्त दोन ठिकाणी मोजलेला. ३४ ला २२ लावलं तरी जवळपास तेच. म्हणजे एका गिअरचे तीन गिअर करून विकलेत. सगळी जुळी-तिळी भावंडं बाजूला काढली की हातात उरतात बारा-तेरा. त्यातही पुढच्या मोठीला मागची मोठी आणि पुढच्या छोटीला मागची छोटी लावायची नाही, चेन तिरकी ओढली जाते, घासते, पुढच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्राच्या, पत्र्यावर खर्रखर्र वाजत राहते. हे दुकानात कुणी सांगतं? छे! तिथे २१ आकड्याचं स्टिकर फ्रेमवर एवढं ठसठशीत चिकटवलेलं असतं की खाली ब्रेक आहेत की नाहीत ते दिसू नये.

भाच्याला सायकल घ्यायची म्हणून ताईबरोबर गेलो होतो. पोरगं पाचवीत. मी म्हटलं, पुढे एकच चकती असलेली, मागे सात-आठ गिअरची दाखवा, वजनाला हलकी. दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी उधारी मागितली. "साहेब, सिंगल चकती आता कोण घेतं? मुलगा मोठा होतोय, २१ च घ्या. सिंहगडला जाईल." ताईला सिंहगड ऐकू आला, विषय संपला. सोबत जाडजूड शॉकअप, तो हलतो मिलिमीटरभर आणि वजन लोखंडाच्या कपाटाचं.

आता त्या पोराला डावा शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा पुढची चकती बदलायचा खटका, अंगठ्याने दाबताच येत नाही, इतका कडक. म्हणून पुढची चकती कायम मधली. म्हणजे २१ ची झाली ७ ची, पैसे २१ चे. आणि एखाद्या दिवशी जोर लावून दाबलंच, तर चेन पुढून उतरते आणि फ्रेम आणि चकतीच्या मधे जाऊन अशी अडकते की हात कोपरापर्यंत काळे. पार्किंगमध्ये कुणाच्या स्कूटरचा धक्का लागून मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर जरासा वाकला की सगळ्या सातांचं गणित बिघडतं. तसंच दामटलं आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकलं, तर डिरेलर सरळ स्पोकमध्ये. मग वॉरंटी? "ते वॉरंटीत येत नाही साहेब."

बरं, एवढं सगळं करून चढ तरी चढतो का? पुण्याजवळच्या बोपदेव घाटात जाऊन बघा. सगळ्यात हलका गिअर लावला, पुढे २४ मागे २८, तरी शेवटच्या वळणांना एकवीसवाले उतरून सायकल ढकलत असतात. कारण चढावर गिअर किती आहेत याला कुत्रं विचारत नाही, सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे एवढंच लागतं. माझ्या ९ वालीला पुढे ३२ ची एकच चकती, मागे ११ ते ४२. तिचा हलका गिअर या २१ वालीच्या हलक्यापेक्षा हलका आहे. आणि वरचा, म्हणजे सगळ्यात जड? मिनिटाला पॅडलच्या ८० फेऱ्या मारल्या तर २१ वाली ताशी तीस किलोमीटरच्या आसपास जाते, माझी एक किलोमीटरने कमी. त्या एका किलोमीटरसाठी पुढच्या दोन चकत्या, एक डिरेलर, एक शिफ्टर आणि एक केबल, एवढं लटांबर जन्मभर ओढायचं!

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१२ मध्येच पुढचा डिरेलर काढून फेकला, मागे ११ गिअर दिले, १० ते ४२. २०१६ मध्ये १२ केले, १० ते ५०. तिची स्पर्धक शिमानोने २०१८ मध्ये ५१ दात्यांपर्यंत नेलं. जगातल्या महागड्या एमटीबींवर पुढे एकच चकती येऊन जमाना झाला. आमच्याकडे मात्र जितकी सायकल स्वस्त, तितके गिअर जास्त!

अर्थात बारावाल्यांचंही कौतुक नको. परवा एक जण टेकडीवर १२ गिअरची घेऊन आला होता, अर्धा तास त्या कॅसेटबद्दल, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचाबद्दल, बोलला, तिची किंमत ऐकून मला माझी पहिली मोटरसायकल आठवली. चेन बारीक, जरा चिखल बसला की कुरकुर, आणि गल्लीतल्या सायकलवाल्याकडे तिचा सुटा भाग मागितला तर तो हसतो. आठ-नऊ गिअर, मागे एक भलीमोठी चकती, पुढे एकच. वेताळ टेकडीपासून कात्रजच्या जुन्या घाटापर्यंत कुठेही जा. पण अशी सायकल स्वस्तात मिळत नाही, कारण ९ चा आकडा स्टिकरवर शोभत नाही.

शेवटी म्हटलं, निदान भाच्याच्या सायकलला मागे १४ ते ३४ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा जुडगा, टाकू. सात गिअरचंच असतं, शिफ्टर बदलायला लागत नाही, चेन फार तर दोन कड्या लांब घ्यायची. किरकोळ खर्च, चढ कितीतरी हलका. गेलो त्याच दुकानात. त्याने ड्रॉवरसुद्धा उघडला नाही.

"चढाला त्रास होतोय का? मग २४ गिअरची घ्या ना साहेब, एक्स्चेंजमध्ये करून देतो."