पाणी कापताय का, साहेब?

आज सकाळी माझ्याच बागेत, माझ्याच बादलीसमोर माझा पाणउतारा झाला.

नोकरी सोडून पेरूची बाग घेतली तेव्हा कीड, रोग, पक्षी या सगळ्यांची मानसिक तयारी केली होती. कुंपणाबाहेरच्या काकांची नव्हती.

खोडांना बुरशी लागू नये म्हणून लावायची बोर्डो पेस्ट करत होतो. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवायचं, एकत्र करायचं आणि लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा. म्हणून मी बादलीत विळा धरून गंभीर चेहऱ्यानं उभा.

"पाणी कापताय का, साहेब?"

"टेस्ट करतोय."

"कसली?"

"चुना कमी पडलाय का, ते बघतोय."

"ते विळ्याला कळतं?"

"कळतं."

"मग बागच त्याच्या नावावर करा की!"

एवढं बोलून काकांनी कुंपणावरून हात घातला, पेरू तोडला, अर्धा खाल्ला, "अळी आहे" असा निकाल दिला आणि उरलेला माझ्याच झाडाखाली भिरकावला.

इथे माझं डोकं फिरलं. ती अळी आता मातीत शिरणार, कोष करणार, फळमाशी होऊन परत येणार. तिच्यासाठी वासाचे सापळे टांगलेत, पण त्या वासाला भुलतात फक्त नर. माद्या खुशाल अंडी घालत फिरतात. पडकी फळं वेचून खोल पुरता पुरता माझी कंबर गेलीय, आणि हे वरून भर घालतात!

मुळात या पेस्टला ज्याचं नाव, त्या फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद-चुना फासायचे तो रोगासाठी नव्हेच. येणाऱ्याजाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. त्या वेलींवर केवडा नावाचा बुरशीसारखा रोग पडत नाही हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं हेरलं आणि 1885 मध्ये जाहीर केलं. म्हणजे हे औषध मूळचं काकांवरचंच. मी तसं त्यांना सांगितलंही.

"असेल," काका म्हणाले. "पण तुम्ही खोडाला लावताय. मी खोड कुठं खातो?"

"मग आत या, जरा ब्रश तरी धरा."

"गुडघा वाकत नाही हो," काका म्हणाले आणि टाचा उंचावून वरच्या फांदीचा दुसरा पेरू चाचपू लागले.