'सामान' म्हणजे 'वस्तू' नव्हे

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, पण मला ते पटलेलं नाही आणि का पटलं नाही तेही सांगते. माझ्या लेखातल्या 'सामान' या शब्दाबद्दल तुमचं म्हणणं, तो फारसी आहे, आपल्याकडे 'वस्तू' असताना तो कशाला हवा, महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो काय उगाच?

आधी वापर बघू. टेबलावर तीन वस्तू असतात, 'तीन सामानं' असं कोणी म्हणत नाही, कारण वस्तू मोजता येते आणि सामान म्हणजे सगळं मिळून एक, त्याला अनेकवचन लागतच नाही. आता 'त्याने सामान बांधायला घेतलं' याच्या जागी 'त्याने वस्तू बांधायला घेतल्या' लिहून बघा. पहिल्यात माणूस कुठेतरी निघालाय हे न सांगता कळतं, दुसऱ्यात नुसती पुडकी दिसतात. त्याच गोष्टी विकायला ठेवल्या की 'माल' होतात, कामासाठी जमवल्या की 'साहित्य'. शब्द बदलतो तो आपला त्या गोष्टींशी संबंध काय यावरून, आणि तेवढं गमावून मला भाषा शुद्ध करायची नाहीये.

कोशाबद्दल आदर मलाही आहे. रघुनाथपंत हणमंत्यांनी त्यात व्यापारातल्या शब्दांचा वेगळा पण्यवर्ग केला, पण आज बोलताना 'पण्य' कोणाच्या तोंडी नाही, 'माल' सगळ्यांच्या आहे.

आणि 'वस्तू' तरी जशीच्या तशी कुठे राहिली? संस्कृतात नपुंसकलिंगी, मराठीत स्त्रीलिंगी. ज्ञानेश्वरीत (1290) 'वस्तु' म्हणजे कितीतरी ठिकाणी थेट ब्रह्म, आणि 2017 पासून आपण 'वस्तू व सेवा कर' भरतोय.

मला सगळ्यात आवडतो तो 'चीज', तोही फारसीच. कष्टाचं चीज होतं तेव्हा नपुंसकलिंगी, गवई चीज गातो तेव्हा स्त्रीलिंगी, आणि 'चीजवस्तू'मध्ये तर फारसी नि संस्कृत एकमेकांना चिकटून बसलेत. 'होती नव्हती ती चीजवस्तू विकली' यातलं फारसी अर्धं काढा बरं, 'होती नव्हती ती वस्तू विकली' उरतं, घर धुऊन निघाल्याचं त्यात काही कळतच नाही.

'आयटम' नको म्हणता, त्या बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूने. यादीत 'जिन्नस' चांगला बसतो (मूळचा अरबी असला तरी), तिथे 'आयटम' काही नवीन सांगत नाही. तो माझ्या लेखात दिसला तर जरूर टोका, 'सामान' मात्र आहे तसंच राहील.