आमच्या उणे वीसचा दाखला देऊ नका

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर जानेवारीत एक भांडण ठरलेलं असतं. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरल्याची बातमी येते, द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो येतात, आणि मग कुणीतरी लहान मुलांच्या शाळेची वेळ उकरून काढतं. राज्यपाल असताना रमेश बैस यांनी मुलांची झोप होत नाही, सकाळच्या शाळा उशिरा भरवा, असं जाहीरपणे सुचवलं होतं. त्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाचा निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. वाद मात्र अजून मिटलेला नाही. नोकरी करणारे आईबाप म्हणतात, आम्ही आठला घर सोडतो, पोराला नऊला कोण पोचवणार? दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळा म्हणतात, मग दुसरी पाळी सोडायची किती वाजता? स्कूलबसवाल्यांचं रस्त्यावरच्या गर्दीचं गणित आणखी वेगळं. हे सगळे मुद्दे रास्त आहेत. त्यावर खुशाल भांडा.

मी आता टोरांटोत राहते. माझं डोकं फिरलं ते त्याच ग्रुपवरच्या विवेकच्या एका वाक्यानं. "कॅनडात उणे वीसमध्ये पोरं शाळेत जातात, विचारा हिला. आणि आपल्या पोरांना बारा अंशांत थंडी वाजते! नुसते लाड." खाली अंगठ्यांची रांग.

विचारा म्हटलंय, तर सांगते. माझा मुलगा दुसरीत आहे आणि टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या त्याच्या शाळेची घंटा पावणेनऊला होते. उणे वीस असो की जूनमधलं ऊन, वेळ तीच. तो साडेसातला उठतो, आणि याला इथे कुणी लाड म्हणत नाही. जानेवारीत नाशिकला सूर्य सातच्या पुढे उगवतो. म्हणजे सातची शाळा असलेलं पोर अंधारात उठतं, अंधारात आंघोळ करतं आणि उगवतीच्या आत बाकावर बसतं. कॅनडाचा दाखलाच द्यायचा तर पूर्ण द्या, घंटेसकट.

खरं तर विवेकला माझ्याशी नीट भांडता आलं असतं. उशिरा शाळा भरवण्यामागचं झोपेचं संशोधन मुख्यतः वयात आलेल्या मुलांवरचं आहे. त्यांना रात्री लवकर झोपच येत नाही. म्हणून तर टोरांटोत ईस्टर्न कॉमर्स या हायस्कुलानं 2009 मध्ये दहाला वर्ग सुरू करण्याचा प्रयोग केला, म्हणून कॅलिफोर्नियानं कायदा करून हायस्कुलं साडेआठच्या आधी भरवायला बंदी घातली. महाराष्ट्रानं सवलत दिली ती चौथीपर्यंतच्यांना, आणि नववी-दहावीची पोरं क्लास करून रात्री अकराला घरी येऊन पुन्हा सातला शाळेत. हा मुद्दा कुणी काढत नाही. सगळ्यांना बोलायचं असतं ते आपण लहानपणी किती सोसलं यावर.

त्या शनिवारी सकाळी आम्ही तिघी फोनवर होतो. रात्रभर बर्फ पडून उजाडता उजाडता थांबला होता. कानात इअरफोन, हातात फावडं, आणि तिघी आपापल्या ड्राइव्हवेवर. मी इथे, दीपा एजॅक्सला, रश्मी मिल्टनला, दोन्ही टोरांटोजवळचीच गावं. हिवाळ्यातला आमचा कट्टा हाच. आधी रश्मीच्या सासूबाईंच्या सुपर व्हिसाचं, म्हणजे आईवडिलांना इथे लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसाचं, पुराण झालं, मग दीपाची घर तापवणारी फर्नेस पहाटे बंद पडली होती ते. संक्रांतीचं हळदीकुंकू दोनदा पुढे ढकललंय, आता रथसप्तमी गाठायची तर पुढच्या शनिवारी हवामान कसं आहे ते. काळी साडी, वरून पार्का, खाली स्नोबूट आणि पिशवीत चपला, हे आता कुणाला विनोदी वाटत नाही. तीळ आणलेत, पण दुकानात चिक्कीचा गूळ मिळत नाही, साध्या गुळाच्या वड्या पसरतात. मध्येच रश्मी ओरडली. आत्ताच साफ केलेल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या प्लोनं गुडघाभर ढीग लावून ठेवला होता, तोही दगडासारखा. दोन मिनिटं आम्ही फक्त तिचं धापा टाकणं ऐकत होतो.

मग मी विवेकचं वाक्य वाचून दाखवलं. रश्मी मूळची सोलापूरची. ती लगेच म्हणाली, "बरोबरच बोलला की तो. आपली पोरं काटकच आहेत इथली." दीपा डोंबिवलीची, तिच्या जिभेला हाड नाही. "काटक कसली गं? कॉस्टकोतून स्नोपँट आणलीय म्हणून काटक. ती काढ आणि मग पाठव बसस्टॉपवर."

मला म्हणायचं होतं ते दीपानं एका दमात म्हणून टाकलं. माझा मुलगा उणे वीसमध्ये असतो किती वेळ? दारापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून शाळेपर्यंत. अंगावर आतला थर, फ्लीस, जॅकेट, स्नोपँट, नेकवॉर्मर, टोपी, मिटन्स. फार गारठा असेल तर मधल्या सुट्टीत त्यांना बाहेरही सोडत नाहीत. घरी आला की थर्मोस्टॅट एकवीसवर. तेवढं तर भाडेकरूलाही मिळतं, कारण हिवाळ्यात घरमालकानं घर किमान एकवीस अंशांवर ठेवलंच पाहिजे असा टोरांटोचा नियम आहे.

आता नाशिक. आमचं पंचवटीतलं घर बांधलंय ते उन्हाळ्यासाठी: खाली फरशी, वर झरोके, खिडक्यांना नुसत्या जाळ्या. बाहेर नऊ अंश असले तर पहाटे आतही त्याहून फार जास्त नसतात, आणि त्या नऊ अंशांत मोरीत उभं राहून आंघोळ करायची असते. मागे डिसेंबरात गेलो तेव्हा माझं कॅनडाचं वाघरू स्वेटरवर जॅकेट घालून गोधडीत बसलं होतं, दात वाजत होते. भावाची मुलं अर्ध्या चड्डीत त्याच्याभोवती फेर धरून, "अरे, तू ना कॅनडाचा?" तिसऱ्या दिवशी तो मला हळूच म्हणाला, "आई, इथे घराच्या आत पण विंटर आहे." ज्यांना आमची पोरं काटक वाटतात त्यांनी त्याला त्या आठवड्यात बघायला हवं होतं.

निफाडचंच घ्या, विषय तिथूनच निघतो दरवर्षी. पारा चारवर गेला की तिथला बागाईतदार झोपत नाही. मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते, मग पहाटे पाणी सोडा, बागेत धूर करा. आणि इथून दोन तासांवर नायगाराचा शेतकरी द्राक्षं मुद्दाम वेलीवर ठेवतो आणि उणे आठची वाट बघतो. वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांची वाइन ती आइसवाइन, आणि तिच्यासाठी त्याच्या वर तोडणी चालतच नाही, ओंटारियोचा नियमच आहे. मग नायगाराचा शेतकरी निफाडकरापेक्षा खमका म्हणायचा का? त्याचा वाण वेगळा, माल वेगळा, बाजार वेगळा. आणि पारा उणे वीसच्या खाली घसरू लागला की तोही घाबरतो, वेलीचे डोळे मरतात म्हणून. बागेत उंच खांबांवर पंखे उभारलेले असतात, वरची जरा उबदार हवा खाली ढकलायला. निफाडची शेकोटी जे करते तेच, फक्त खर्च मोठा.

"तिकडे कितीही बर्फ पडो, काही थांबत नाही," हे दुसरं आवडतं वाक्य. 1999 च्या जानेवारीत टोरांटोत मीटरभराहून जास्त बर्फ पडला तेव्हा महापौर मेल लास्टमन यांनी लष्कर बोलावलं होतं. उरलेला कॅनडा त्यावरून अजून टोरांटोला हसतो. 17 जानेवारी 2022 ला कोविडमुळे बंद असलेल्या शाळा पुन्हा भरायच्या होत्या. पोरांची दप्तरं भरून तयार होती, आणि त्याच दिवशी वादळ आलं नि शाळा बंद. शाळेच्या बसेस तर दर हिवाळ्यात रद्द होतात, पहाटे सहाला निरोप येतो, आणि मग नवराबायकोत आज मीटिंग कुणाची महत्त्वाची यावर जुंपते. थांबतं, सगळं थांबतं. थांबलं म्हणून कुणी पोरांना शेळपट म्हणत नाही, एवढाच फरक.

हे मात्र मी इथे बसून ठासून म्हणणार की आपल्याकडे सोसण्याला फार भाव आहे. सोय मागितली की लाड. आणि सोसतं कोण? विवेकची मुलं गाडीतून जातात, काचा वर करून. वारा लागतो तो रिक्षात कडेला लटकलेल्या सातव्या पोराला, आणि ते पोर ग्रुपवर नसतं. दीपाला हे ऐकवलं तर ती म्हणाली, "फार बोलू नकोस. काल रात्री तुझ्या गल्लीत बर्फात ई-बाइकवरून बिर्याणी कोण पोचवत होतं?" गुरगाव नाही तर लुधियानाचा कुणी पोरगा असणार, कॉलेजची फी भरायला. आम्ही मागवली नव्हती. शेजाऱ्यांनी मागवली होती. गेल्या महिन्यात आम्हीच मागवली होती.

त्याच रात्री विवेकचा मला वेगळा मेसेज आला. मुलीला इकडे मास्टर्सला पाठवायचा विचार आहे, ती जरा नाजूक आहे, थंडी झेपेल का तिला? मी सविस्तर उत्तर दिलं. नाशिकहून जॅकेट आणू नको, इथे घे. बुटांवर पैसे वाचवू नको. पहिल्या नोव्हेंबरपासून ड जीवनसत्त्व सुरू कर. थंडीचं काही वाटणार नाही, पाचच्या आत अंधार होतो त्याचं वाटेल. लाड हा शब्द मी लिहिला नाही. लिहावासा फार वाटला.

आता माझ्याबद्दल. आईचा फोन येतो, "किती थंडी आहे गं?" बाहेर उणे सोळा असतात. मी सांगते उणे सत्तावीस. वारा धरून तसं वाटतं, ॲपवर तसंच लिहिलेलं असतं, म्हणजे खोटं नाही. पण मोठा आकडा सांगितला की आई "बाई गं!" म्हणते, आणि त्या "बाई गं"ची मला गरज असते. ड्राइव्हवेचे फोटो मीच टाकलेत ग्रुपवर, फावडं हातात घेऊन, भुवयांवर बर्फ. माझ्या उणे वीसचा दाखला विवेकला कुणी पुरवला? इतकी वर्षं इथे काढून इकडच्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, इथे सगळेच फावडं मारतात. तिकडच्यांना सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे. नोकरी सगळ्यांनाच आहे, घर सगळ्यांचंच झालंय, त्यांची माझ्याहून मोठी झालीत. उरली थंडी. ती माझी एकटीची आहे तिथे.

म्हणून तर अंगठ्यांची ती रांग इतकी लागली मला. मी लाडकी होते त्या ग्रुपवर, पण थर्मामीटर म्हणून. नाशिकच्या तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडायची की नाही यावर वाद पेटला तेव्हा मीही लिहिलं होतं. त्यावर याच विवेकचं उत्तर आलं, "तू तिकडे बसून नको सांगूस." त्यालाही अंगठे होतेच. म्हणजे पोरांच्या शाळेवर बोलताना कॅनडा चालतो, झाडांवर बोलताना चालत नाही. त्यातली गंमत अशी की कॅनडाबद्दल मला जे कळतं ते भाड्याच्या घरात, ॲपवर आणि पार्किंग लॉटमध्ये जमवलेलं आहे, आणि तपोवनात मी लहानपणी आजोबांचं बोट धरून रोज संध्याकाळी जात होते. तिथल्या सावलीत मे महिन्यातही बसवत असे. तिथलं मला माहीत आहे, इथलं मी नुसती निभावते.

तेव्हा शाळा नऊलाच भरू द्या, हे माझं मत, आणि यात उणे वीसचा काही संबंध नाही. तपोवनातली झाडंही राहू द्या. तेही माझंच मत, आणि ते मी स्कारबरोतून सांगते आहे, कुणाला चालो न चालो.