मधल्या स्टेशनांचा उशीर कोण मोजणार?

आज डोकं इतकं फिरलंय की दोन घास गिळवले नाहीत. लिहून टाकते, म्हणजे रात्री झोप तरी लागेल.

आईच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याला साखरेमुळं सूज येते. महिन्यातून एकदा मिरजेला नेऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. आमच्या डॉक्टरांचा वार सोमवार आणि केसपेपर निघतो दुपारी बारापर्यंत. बारा वाजून एक मिनिट झालं की खिडकी बंद. त्यांचंही चुकत नाही, बाहेर कर्नाटकातून आलेली माणसं पहाटेपासून बसलेली असतात. म्हणून आम्ही कराडजवळच्या आमच्या मसूरहून सकाळची पॅसेंजर धरतो. वेळापत्रकाप्रमाणं चालली तर मिरजेला केसपेपर निघायच्या तासभर आधी पोचवते. आईचे गुडघे गेलेत, वडापात, म्हणजे माणसं भरून जाणाऱ्या खाजगी जीपमध्ये, दाटीवाटीनं बसणं तिला जमत नाही. गाडीत पाय पसरता येतात, उठून उभं राहता येतं. तिकीटही परवडतं. म्हणून गाडी.

आज गाडी आली वेळेवर. खिडकी मिळाली. कराडपर्यंत सगळं ठीक. कराडच्या पुढं एका लहान स्टेशनात गाडी मेन लाइन सोडून लूपला, म्हणजे बाजूच्या थांब्याच्या रुळावर, गेली, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. रोज जाणाऱ्याला खडखडाट बदलला की कळतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. एक लांबची एक्सप्रेस धडधडत निघून गेली. वाटलं, आता सुटेल. नाही सुटली. मग मालगाडी गेली, डबे मोजता मोजता पोरं दमली. तरीही आमचा सिग्नल लालच. एकूण पन्नास मिनिटं. फलाटावर नळ होता, त्याला पाणी नव्हतं. डब्यातल्या संडासालाही नव्हतं. माणसं रुळाच्या खडीत उतरून उसाच्या कडेला जाऊन आली. बायकांनी काय करायचं? आई म्हणाली, "आगं, पाय पार आखडल्यात. डागतर थांबतील का गं?" मी काय सांगणार? "थांबतील आई," म्हणाले. खोटं बोलले.

खाली उतरून स्टेशनातल्या माणसाला विचारलं. "सर, कधी सुटणार?" उत्तर मिळालं, "सिग्नल मिळाला की." मी म्हणाले, पेशंट आहे बरोबर, अंदाज तरी सांगा. तर म्हणे, "मॅडम, आमच्या हातात काय नाय, वरनं ठरतंय." मला त्या माणसाचा राग नाही आला. तो खरंच बोलला. ठरतं ते दूरच्या कंट्रोल रूममध्ये, पडद्याकडं बघून, आणि त्या पडद्यावर आमची गाडी म्हणजे एक आकडा असते. त्या आकड्यात माझी आई बसलेली दिसत नाही.

पुढं आणखी एकदा असंच अर्धा तास. मिरजेत उतरलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. रिक्षा करून पळत गेलो. खिडकी बंद. आतल्या सिस्टरनं हळहळ व्यक्त केली, पुढच्या सोमवारची तारीख लिहून दिली आणि म्हणाली, इंजेक्शन लांबवू नका, सूज वाढते. हे मला माहीत नाही का? मी कराडला एका दुकानात हिशेब बघते, आजची रजा बिनपगारी. पुढच्या सोमवारचीही बिनपगारी.

आता ज्या गोष्टीनं माझा खरा संताप झाला ती सांगते. परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसले होते, सहज मोबाइलवर सकाळची गाडी उघडून बघितली. आम्हाला मिरजेत ऐंशी मिनिटं उशिरा उतरवणारी ती गाडी शेवटच्या स्टेशनला, कोल्हापूरला, फक्त पंचवीस मिनिटं उशिरा पोचली होती. मधली पंचावन्न मिनिटं गेली कुठं? मिरज ते कोल्हापूर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. तिथं काय ती विमानासारखी उडाली नाही. वेळापत्रकातच शेवटच्या टप्प्याला जादा मिनिटं घालून ठेवलेली असतात. विश्वास नसेल तर कुठल्याही गाडीचं वेळापत्रक उघडा. शेवटच्या स्टेशनच्या आधीचा तुकडा येताना किती मिनिटांचा दाखवलाय आणि तोच तुकडा परत निघताना किती मिनिटांचा, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. बोटांवर मोजता येतं, त्याला शिक्षण लागत नाही.

थोडी सूट ठेवावी लागते, हे मला मान्य आहे. कुठं रुळाचं काम निघतं, कुठं वेगमर्यादा लागते. पण ती सूट वाटेवर वाटून द्या ना! सगळी शेवटी साठवायची, आणि वेळेवर आली का नाही हेही शेवटच्याच स्टेशनला मोजायचं, हा कुठला हिशेब? मी दुकानात असा हिशेब लिहिला, दिवसभराचा गल्ला कमी भरला आणि रात्री शेवटच्या पानावर जुळवून दाखवला, तर मालक मला दुसऱ्या दिवशी घरी बसवेल. मसूर, शिरवडे, शेणोली, भवानीनगर, ताकारी, आमणापूर, भिलवडी, नांद्रे, इथं उतरणारा माणूस त्या कागदावर कुठंच नाही. आमचा उशीर झाला तरी झालाच नाही म्हणून लिहिला जातो. पॅसेंजर तर चालते या मधल्या माणसांसाठीच! टोकापासून टोकापर्यंत पॅसेंजरनं जाणारे किती असतात? डब्यात बघा कोण बसतं. कराडला कॉलेजला जाणारी पोरं, सांगलीच्या बाजाराला टोपली घेऊन निघालेल्या मावश्या, किर्लोस्करवाडीला पाळीला जाणारे कामगार, मिरजेच्या दवाखान्यांत निघालेले पेशंट. प्रत्येकाला पुढं कुठंतरी ठरलेल्या वेळेला उभं राहायचं असतं. पोराचा पेपर अकराला सुरू होतो, तो कोल्हापूरच्या वेळेवर सुरू होत नाही.

हे काही आजचं नाही. इतकी वर्षं आम्हाला सांगितलं, सिंगल लाइन आहे, क्रॉसिंगला थांबावंच लागतं. पटत होतं. एका रुळावर समोरून गाडी येत असेल तर कुणीतरी बाजूला व्हायलाच पाहिजे. मग पुणे ते मिरज दुहेरीकरण निघालं. त्या कामापायी किती ब्लॉक, म्हणजे कामासाठी रूळ बंद, सोसले आम्ही! ब्लॉक आला की आधी रद्द होणार पॅसेंजर, हे ठरलेलं. माणसं स्टेशनवर येऊन कागद वाचून परत जायची. आम्ही म्हणालो, जाऊ दे, एकदा दुसरा रूळ पडला की सुटलो. बऱ्याच टप्प्यांत पडला दुसरा रूळ. विजेच्या ताराही आल्या. समोरून येणाऱ्या गाडीचं कारण तिथं संपलं. आता मागून येणाऱ्या गाडीसाठी आम्हाला बाजूला काढतात. म्हणजे कारण बदललं, आमची जागा तीच, लूपलाइन.

लांबच्या गाड्यांचा मी दुस्वास करत नाही. गोव्याहून दिल्लीला जाणाऱ्या माणसालाही घर आहे. वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर ते पुणे सुरू झाली, तेव्हा मीही कराडला बघायला गेले होते, आनंद झाला होता. पण ती आठवड्यातून तीन दिवस, आणि कराड, किर्लोस्करवाडी, सांगली अशा मोजक्याच ठिकाणी थांबते. मसूरच्या बाईला तिचा उपयोग वारा खाण्यापुरता. आणि वेग म्हणाल तर ती सव्वातीनशे किलोमीटरला पाच तासांच्या वर घेते. शिंदवणेचा घाट, आदर्कीचा घाट, वळणंच वळणं. डोंगराशी कुणाचं भांडण नाही. साताऱ्याहून पुणं रेल्वेनं सुमारे १४५ किलोमीटर पडतं, रस्त्यानं ११० च्या आसपास. हे वर्षानुवर्षं असंच आहे, ते उद्या सरळ होणार नाही. पण मसूर ते मिरज कुठला घाट आहे? कृष्णाकाठची सपाट जमीन आहे, दोन्हीकडं ऊस. इथं पन्नास मिनिटं उभं करायला डोंगर आडवा आलेला नाही.

आणि पैसे घेताना आम्ही बरोबर दिसतो. कोरोनानंतर या गाड्या 'स्पेशल' म्हणून सुरू केल्या तेव्हा दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपये केलं. डबे तेच, बाकडी तीच, लूपला थांबणंही तेच. शेजारच्या स्टेशनला जायला तीस रुपये! २०२४ चा फेब्रुवारी संपत आला तेव्हा ते पुन्हा दहावर आणलं. तोवर भाजीवाल्या मावश्यांच्या कनवटीतून किती पैसे गेले त्याचा परतावा कुणी दिला नाही. सह्याद्री एक्सप्रेस २०२० मध्ये बंद झाली. मुंबईला नोकरी करणाऱ्यांची रात्रीची हक्काची गाडी होती ती. परत रुळावर यायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला, आणि आली ती पुण्यापर्यंतच. आमच्या मामाचा मुलगा त्या गाडीनं पंधरा वर्षं गावाला यायचा. आता पुण्यात उतरून पुढची सोय बघतो.

कुणी म्हणेल, गाड्यांची गर्दी आहे, वाट कुठून काढणार. मी एक आठवण सांगते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा याच मिरजेतून पाण्याची गाडी गेली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, १२ एप्रिलला पहाटे लातुरात. पुढं तर पन्नास वाघिणींच्या गाड्या जायला लागल्या. त्या गाडीला वाट मिळाली, पुन्हा पुन्हा मिळाली, आणि सांगली-मिरजेच्या एकाही माणसानं त्याबद्दल कुरकुर केलेली मी ऐकली नाही. उलट आमच्याकडची माणसं ती गाडी बघायला जात होती. ती गेली पंढरपूर-कुर्डुवाडीच्या बाजूनं, पण तीही सिंगल लाइनच होती. ठरवलं म्हणून झालं. मग सकाळच्या एका पॅसेंजरला, जिच्यात दवाखान्याची आणि परीक्षेची माणसं असतात, दोन तास मोकळी वाट द्यायची असं का ठरत नाही? दिवसभर नको. सकाळची एक आणि संध्याकाळची एक. दुपारच्या गाडीला लूपला टाका, माझं काही म्हणणं नाही.

तक्रार केली नाही असं समजू नका. मागच्या पावसाळ्यात मी लिहून तक्रार केली होती. उत्तर आलं, गाडी 'परिचालन कारणास्तव' उशिरा धावली, आणि पुढं तीच ती ओळ, असुविधेबद्दल खेद आहे. स्टेशनवर भोंग्यातून रोज ऐकू येते ती. कुणाला खेद आहे? ज्याला खेद होतो तो दुसऱ्या दिवशी काहीतरी वेगळं करतो. आमच्या घरात दूध उतू गेलं तर दुसऱ्या दिवशी आई गॅसजवळून हलत नाही.

मला माफी नको, भरपाई नको. एवढंच लिहा की गाडी मसूरला किती वाजता आली, कराडला किती वाजता, सांगलीला, मिरजेला किती वाजता. प्रत्येक स्टेशनचा उशीर त्या त्या स्टेशनच्या फळ्यावर महिनाअखेर लावा, सगळ्यांना दिसेल असा. आणि वेळेवर चालवल्याचा आकडा काढायचा असेल तर त्या सगळ्या स्टेशनांचा मिळून काढा. मग बघू, पन्नास मिनिटं लूपला उभं करताना वरच्या माणसाचा हात थांबतो का नाही.

संध्याकाळी परत येताना आई खिडकीशी बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. ताकारी गेल्यावर म्हणाली, "फुडच्या सोमवारी वडापनं जाऊ. कराडातनं येष्टी धरू." म्हणजे मसूर ते कराड वडाप, कराड ते सांगली एसटी, सांगली ते मिरज परत दुसरी बस. तीन ठिकाणी चढायचं, तीन ठिकाणी उतरायचं, त्या गुडघ्यांनी. मी म्हणाले, नाही आई, गाडीनंच जाऊ. ती म्हणाली, "आन् ऱ्हायली उभी म्हंजे?"

तिला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तारखेचा कागद पर्समध्ये आहे, सोमवार, बाराच्या आत.